गाठीतून वीज जात नाही

माझं आयुष्य बदललं असं लोक म्हणतात. बदललं, खोटं कशाला बोलू? सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या बोळाच्या तोंडाशी माझं दुकान आहे. जळालेल्या मोटरी मी पुन्हा भरून देते. पंख्याच्या, मिक्सरच्या, विहिरीवरच्या पंपाच्या. आतली जळकी तार उपसून काढायची, तांब्याची नवी तार गुंडाळून तिची वेटोळी बसवायची, की मोटर पुन्हा फिरते. ज्या केंद्रात मी हे काम शिकले, तिथले लोक मला अधूनमधून बोलावतात आणि नव्या मुलांपुढे उभं करतात. बघा, या बाई कांड्या भरायच्या, आज स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. टाळ्या होतात. मी हात जोडते. त्यांना गोष्ट अर्धीच माहीत आहे. ते केंद्र मी माझ्यासाठी शोधलंच नव्हतं, नवऱ्यासाठी शोधलं होतं.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते. लिहिताना मात्र 'तो' लिहिणार आहे. कागदावर तरी दोघं एका पाटावर बसू देत.

तो यंत्रमागावर टॉवेल विणायचा आणि मी त्याच कारखान्यात कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या. आमच्या घरात तेलुगू, बोळात मराठी आणि कारखान्यात नुसत्या खुणा, कारण मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. कात्री हवी असली की दोन बोटं, पाणी हवं असलं की अंगठा, मालक आला की मिशीवर हात. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आम्ही दिवसभर असं खुणांनीच बोललो. भांडलोसुद्धा खुणांनी. मला ते दिवस फार आवडायचे, आणि आवडतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्याच्या हाताला एक गुण होता. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, दोन टोकं चिमटीत धरायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची. बघायचासुद्धा नाही तिकडे. ती गाठ नंतर टॉवेलात शोधून सापडत नसे. दुसऱ्या मागावरचे कारागीर मुद्दाम शोधायला बसायचे आणि हात टेकायचे. त्याला तेवढाच माज होता. दारू नाही, तंबाखू नाही, गाठीचा माज. मी चिडवायचे, "देवाकडे गेल्यावर गाठच दाखवणार वाटतं." तो म्हणायचा, "व्हय की. देवाचं बी कापडच की."

मग एका वर्षी मालकाने सांगितलं की माल उठत नाही. आधी एक पाळी बंद झाली, मग आठवड्यातले काही दिवस, मग माग भंगारात गेले. टेम्पो आला त्या दिवशी आम्ही सगळे दारात उभे होतो. त्याच्या मागाचा एक बोल्ट गंजून बसला होता, भंगारवाल्याच्या माणसाला तो निघेना. तो माणूस घणाने तोडायला निघाला तसा हा पुढे झाला. "तोडू नका. मी काढतो," म्हणाला, आणि स्वतःच्या मागाचे सगळे बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने काढून दिले. घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. खूणही केली नाही.

त्यानंतर त्याला झोप येईना. एवढ्या वर्षांचा खडखडाट गेला आणि त्या जागी कानात शिट्टी वाजते म्हणायचा. मी बिड्या वळायला घेतल्या. तो एका लॉजवर वॉचमन म्हणून राहिला, तिथून परत आला. बांधकामावर गेला, तिथूनही परत आला. मग कुठे जायचंच बंद झालं. दाढी वाढली. अंघोळीला मी ढकलत न्यायची. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीचा रथ आमच्या बोळावरून जातो, सगळी पद्मशाली विणकर मंडळी नवे कपडे घालून रस्त्यावर असतात. त्या वर्षी हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि ढोल ऐकू येऊनही त्याने कूस बदलली नाही. मला धडकी भरली ती त्या दिवशी. पोटाची सोय बिड्यांवर कशीतरी होत होती. लेक लग्न होऊन वरंगळला सुखात होती. पण माझ्या घरातला माणूस माझ्यासमोर विझत होता, आणि मला तो उठून बसलेला हवा होता. बाकी काही नको होतं.

डॉक्टरला दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बाई, गोळ्या देतो, पण यांच्या हाताला काम लागलं पाहिजे." सांगायला काय जातं! तरी मी ते वाक्य गाठीला बांधलं आणि शोधत सुटले. अक्कलकोट रोडला एका केंद्रात मोटर वायंडिंगचं मोफत शिक्षण मिळतं असं कळलं. तिथे टेबलावर तांब्याच्या तारेची रिळं मांडलेली बघितली आणि मला वाटलं, देव पावला. सूतच की हे. फक्त तांब्याचं. कोण म्हणतं विणकराला दुसरं काम जमत नाही?

तो म्हणाला, "मी न्हाई जात. पोरांत बसून काय शिकू ह्या वयात?"

"मी येते की बरोबर."

"तू येत आसशील तर बघू," म्हणाला. त्याला वाटलं मी यायची नाही. मी दुसऱ्या दिवशी दोघांची नावं घातली.

पहिले आठवडे बरे गेले. खरं तर फार बरे गेले. तो दाढी करायला लागला. डबा मागायला लागला. मी भाकरीला शेंगाची चटणी घातली नाही तर कुरकुर करायला लागला, आणि ती कुरकुर ऐकून मी देवापुढे नारळ फोडला. शिकवणारे सर तरुण होते, आमच्या लेकीच्या वयाचे, पण मनापासून शिकवायचे. तो त्यांना 'सर' म्हणायचा आणि ते त्याला 'काका' म्हणायचे.

मग छताच्या पंख्याची पाळी आली. पंख्याची तार केसासारखी बारीक. हाताच्या यंत्रावर ती गुंडाळताना जरा ओढली की तुटते. माझी तुटली तेव्हा मी उठून सरांना विचारलं, आता काय करू? मला विचारायची लाज नव्हती. मी कुठे कशात पटाईत होते! त्याची तुटली तेव्हा त्याने कुणाला विचारलं नाही. अख्खं आयुष्य मागावर काढलेला माणूस तुटलेला धागा कसा जोडायचा हे दुसऱ्याला विचारील का? त्याच्या चिमटीने तिकडे न बघताच गाठ मारली आणि यंत्र पुढे चाललं. पुन्हा तुटली, पुन्हा गाठ. सगळ्यांच्या आधी त्याचा पंखा भरून झाला. इतका सुबक, की सर इतरांना म्हणाले, बघा, काकांचा हात बघा. तो माझ्याकडे बघून हसला. मिशीवर हात फिरवला.

मग सरांनी तपासायचा दिवा लावला. दिवा लागला नाही. वायर बदलून बघितली, टोकं खरवडून बघितली. दिवा लागेना. पोरं गोळा झाली. सरांनी वेटोळं सोडवायला घेतलं, तार उलगडत नेली, आणि बऱ्याच वेळाने भिंगातून त्यांना ती गाठ दिसली.

तांब्याच्या त्या तारेवर रंगासारखा पातळ लेप असतो, वीज शेजारच्या तारेत जाऊ नये म्हणून. तार तुटली की आधी तो लेप खरवडायचा, मग पीळ द्यायचा, वर कथलाचा डाग द्यायचा, नळी चढवायची. नुसती गाठ मारली तर तार जोडलेली दिसते, ओढली तरी निघत नाही, पण वीज तिथे येऊन थांबते. सरांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. मग गाठ वर धरली आणि हसत म्हणाले, "काका, गाठ एक नंबर आहे. पण गाठीतून वीज जात नाही. हा पंखा आहे हो, टॉवेल नाही."

सगळा वर्ग हसला. सरांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगीन. पण मग त्यांनी कात्री घेतली आणि एकेक गाठ शोधून कापून टाकली. तो समोर उभा राहून बघत होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना मला.

येताना तो माझ्या पुढे चालत होता. शेवटी चौकात थांबला. "आजवर माझी गाठ कुणाला घावली नव्हती," म्हणाला.

मला राग आला. त्याचा, सरांचा, त्या मुलांचा, सगळ्यांचाच. "एवढ्यावरनं? खरवडायचं तेवढं शिकायचं राहिलंय की!"

"शिकायचं न्हाई गं. येतंय ते इसरायचं हाय. बोटं इसरंनात."

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी एकटी जायला लागले. का जात राहिले? आधी रागाने, आणि मग एक वेडी आशा होती की मी शिकून घरी येऊन त्याला शिकवीन, घरात कोण हसणार आहे? संध्याकाळी आले की त्याच्या पलंगाशी बसून बोलायचे, आज असं झालं, आज तसं झालं. तो 'हं' म्हणायचा. हळूहळू मीच बोलायची कमी झाले, कारण मला ते काम आवडायला लागलं होतं आणि तो आनंद त्याच्यासमोर लपत नव्हता. पहिली मोटर माझ्या हातून फिरली तेव्हा मी वर्गात ओरडले. घरी येऊन सांगितलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

पुढे मी घराच्याच पुढच्या खोलीत दुकान टाकलं. काम येत गेलं. बाई मोटर भरते म्हणून आधी लोक बघायला यायचे, मग मोटर फिरायला लागली तसे मोटर घेऊन यायला लागले. गावाकडून येणारे लोक आत डोकावून, पलंगावर पडलेल्या त्याला विचारायचे, "मिस्त्री, कधी मिळंल?" तो बोटाने माझ्याकडे दाखवायचा. दिवसातून किती वेळा हे व्हायचं देव जाणे. मी पडदा लावला. त्याने तो बघितला. पडदा लावल्याचं मला वाईट वाटलं, पण काढला असता तर आणखी वाईट वाटलं असतं.

मग मला एक गोष्ट सुचली. मोटरीत तारेची वेटोळी बसवली की त्यांची डोकी खाचेच्या बाहेर येतात. ती सुती दोऱ्याने आवळून बांधतात, म्हणजे मोटर थरथरली तरी तारा एकमेकींवर घासत नाहीत. मग वर वार्निश पाजायचं आणि वाळवायचं. त्या दोऱ्याने आवळण्याला बांधणी म्हणतात. सूत, आणि गाठी! मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस कसं सुचलं नाही?

"मला बांधणी जमंना," मी त्याला म्हणाले. "गिऱ्हाईक बोंबलतंय. तेवढं बघता का?"

तो उठला. अगदी लगेच नाही, पण उठला. दोरा हातात घेऊन पीळ बघितला, नाक मुरडलं, "ह्यो काय दोरा हाय?" म्हणाला आणि बाजारात जाऊन स्वतः दुसरा आणला. त्याने बांधलेलं पहिलं वेटोळं मी बराच वेळ हातात धरून बसले. इतकी देखणी बांधणी मी केंद्रातसुद्धा बघितली नव्हती.

ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. समोरासमोर बसायचो. एकदा मी हातोडा चालवत होते आणि त्याने मान वर करून दोन बोटं हलवली. कात्री. कारखान्यातली खूण. मी कात्री दिली, पाणी आणते म्हणून आत गेले आणि मोरीत तोंडावर पदर दाबून रडले. माझा माणूस परत आला होता. जगात कुणालाही मी त्या दिवशी हरले नसते.

उन्हाळ्याच्या तोंडाला केंद्राने मला भाषणाला बोलावलं. त्या दिवशी वळसंगच्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर द्यायची होती. तार मी आदल्या दिवशीच भरली होती. मी त्याला म्हणाले, "बांधा, वार्निश पाजा, वाळवा, झाकण लावून द्या. आता तुमच्यावरच सोपवते." मला वाटलं, एक मोटर तो एकट्याने पुरी करील आणि छाती काढून बसेल. मी भाषणात त्याचं नावही घेतलं, माझे मिस्टर माझ्याबरोबर काम करतात म्हणाले. त्यालाही टाळ्या मिळाल्या.

परत आले तेव्हा मोटर बंद करून, पुसून ठेवलेली होती. "मी झाकण न उघडताच सांगते," मी म्हणाले, "बांधणी झकास झाली आसणार." त्याने पुढच्या मोटरीला दोरा घेतला. संध्याकाळी शेतकरी येऊन मोटर घेऊन गेला.

उन्हाळाभर काम जोरात होतं. तो रोज बसायचा, बांधायचा. एकच नवी गोष्ट होती, मधूनच विचारायचा, "वळसंगची मोटर परत आली का?" मी म्हणायची, "न्हाई हो." मला बरं वाटायचं. धंद्यात लक्ष घालतोय, स्वतःच्या हाताने पुऱ्या केलेल्या मोटरीची काळजी करतोय, असं वाटायचं. मी बोळातल्या बायकांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

दसऱ्याच्या सुमाराला तो शेतकरी मोटर घेऊन आला. "ताई, फिरतीया झकास, पण आवाज लई करतीया." हाताने फिरवून बघितली तर बेअरिंग गेलेलं. मी शेतकऱ्याला बाहेर बाकावर बसवलं आणि झाकण उघडलं.

आत दोऱ्याचा एक धागाही नव्हता. वेटोळ्यांची डोकी तशीच मोकळी, वर नुसतं वार्निश. मला वाटलं विसरला असेल. मी वर बघितलं. तो हातातलं काम खाली ठेवून माझ्याकडेच बघत होता, कधीपासून कुणास ठाऊक.

"उन्हाळाभर चालली," तो म्हणाला.

"नशीब समजा. एखादी चालती. दुसरी जळून जाती."

"नशीब न्हाई. मला बघायचंच होतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तू हे सुचवलंस तवापासनं बघायचं होतं. न बांधता चालती. मग मी हितं कशाला बसतोय?"

मला खूप काही सांगता आलं असतं. थरथर, घर्षण, पाच वर्षांनी काय होतं, सरांनी काय शिकवलं. सगळं खरं होतं. पण तो मोटरीचं विचारत नव्हता, आणि त्याच्याशी पुन्हा एकदा खोटं बोलणं मला जमणार नव्हतं.

"माझ्यासाठी बसा की," मी म्हणाले.

"त्येच तर," तो म्हणाला.

दोऱ्याची गुंडी त्याने नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली आणि पडद्याआड गेला. पलंग करकरल्याचा आवाज आला. बाहेर शेतकरी विचारत होता, ताई, किती वेळ लागंल? लागतोय थोडा, मी म्हणाले. हातांनी आपलं काम केलं. जुनं बेअरिंग काढलं, नवं बसवलं. बांधणी करायची तर तीच वेळ होती, दोरा समोरच होता. मी केली नाही. तशीच झाकण लावून मोटर दिली. ती अजून चालते आहे.